प्रवासात लॅपटॉपवरून ई-पत्र सुरक्षितपणे कसे पाठवावे



देवस्थानाशी निगडित असलेला मोठा वर्ग आज कोरगावाबाहेर वास्तव्यास आहे. कोणी म्हापसा-पणजीस, कोणी मुंबई-पुण्यास, तर कोणी आखातात नोकरीनिमित्त स्थायिक आहेत. सभेची सूचना, देणगीची पावती, जीर्णोद्धाराचे अंदाजपत्रक, बँकेचा तपशील हा सारा व्यवहार ई-पत्रानेच होतो. एके काळी हे काम कार्यालयातील एकाच संगणकासमोर बसून होत असे. आता पदाधिकारी पेडणे स्थानकावर गाडीची वाट पाहताना, मुंबईच्या नातलगांच्या घरी किंवा विमानतळावरच्या खुर्चीत बसून ते उरकतात. आपल्याच तालुक्यात मोपा येथील मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ ५ जानेवारी २०२३ पासून प्रवासी वाहतुकीस खुला झाल्यावर असा प्रवास अधिकच सोपा झाला आहे. परक्या ठिकाणाहून, परक्या जाळ्यावरून पत्र पाठविताना नेमके काय घडते आणि कोणती दक्षता घ्यावी, याची माहिती अनेकांनी विचारल्यावरून हा लेख देत आहोत.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट करावीशी वाटते. चोराला आपली पत्रे वाचण्यात फारसा रस नसतो. त्याला हवा असतो तो आपल्या नावाने पत्र लिहिण्याचा अधिकार. उत्सवाच्या तोंडावर कोषाध्यक्षांच्या खऱ्या पत्त्यावरून "देवस्थानाचे खाते बदलले आहे, देणगी यापुढे या खात्यात जमा करावी" असे दोन ओळींचे पत्र गेले, तर वर्षानुवर्षे विश्वासाने देणगी पाठविणारा भाविक शंका का घेईल? पुढील विवेचन वाचताना हा प्रसंग डोळ्यांसमोर ठेवावा.

पत्र कोणत्या वाटेने जाते

आपण 'पाठवा' हे बटण दाबले की पत्र थेट समोरच्या गृहस्थांच्या संगणकावर जात नाही. ते प्रथम आपल्या सेवादात्याच्या सर्व्हरवर जाते, तेथून समोरच्यांच्या सेवादात्याच्या सर्व्हरवर पोहोचते आणि मग ते गृहस्थ तेथून उचलतात. टपालाचीही रीत अशीच आहे: आपले टपाल कार्यालय, त्यांचे टपाल कार्यालय आणि शेवटी पोस्टमन. प्रवाशाने काळजी करावयाची ती मुख्यतः पहिल्या टप्प्याची, म्हणजे आपल्या लॅपटॉपपासून आपल्या सेवादात्यापर्यंतच्या वाटेची. कारण मधल्या वाटेवर हॉटेलचे, स्थानकाचे किंवा उपाहारगृहाचे जाळे येते आणि ते कोणाच्या ताब्यात आहे हे आपणांस ठाऊक नसते.

पत्र पाठविण्याची एसएमटीपी ही पद्धत ऑगस्ट १९८२ मध्ये निश्चित झाली. तेव्हा जाळ्यावर मोजकी विद्यापीठे व संस्था होत्या, एकमेकांना ओळखणारी मंडळी होती. त्यामुळे पत्र देणाऱ्याची ओळख पटविण्याची सोय त्या मूळ पद्धतीत नव्हतीच. पासवर्ड नाही, सांकेतिक रूपांतर नाही, कोणीही यावे आणि कोणाच्याही नावाने पत्र टाकून जावे. पुढे जाहिरातींच्या पत्रांचा सुळसुळाट झाला, तेव्हा सेवादात्यांनी तोडगा काढला की जो आमच्या जोडणीवरून येईल त्याचेच पत्र आम्ही घेऊ. भारतात १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली, नंतर भारत संचार निगमाची 'संचारनेट' सेवा आली. टेलिफोनच्या तारेवरून जोडणी करण्याच्या त्या काळात बहुतेक ठिकाणी हीच रीत होती. ज्यांनी तेव्हा गावाबाहेर लॅपटॉप नेला असेल, त्यांना 'रिलेइंग डिनाइड' हा संदेश आठवत असेल. पत्रे येत, पण जात नसत, कारण जोडणी दुसऱ्याची आणि सर्व्हर आपला. मग प्रत्येक गावी तेथल्या सेवादात्याचा सर्व्हर लिहून काम भागवावे लागे.

हा जुना इतिहास सांगण्याचे कारण असे की ती सवय काही ज्येष्ठ मंडळींमध्ये अजून टिकून आहे. "येथील जाळ्यावर आहोत, तर येथीलच सर्व्हर घालू" असे ते म्हणतात. तसे मुळीच करू नये. डिसेंबर १९९८ मध्ये पत्र स्वीकारण्यासाठी ५८७ क्रमांकाची स्वतंत्र खिडकी ठरविण्यात आली आणि १९९९ मध्ये नाव-पासवर्ड सांगून ओळख पटविण्याची पद्धत आली. तेव्हापासून आपण कोठेही असलो तरी पत्र आपल्याच सर्व्हरकडे द्यावयाचे, हा नियम झाला. आज तर दुसऱ्याच्या सर्व्हरवरून गेलेले पत्र बहुधा पोहोचणारच नाही. ज्या संस्थांचा स्वतःच्या नावाचा पत्ता असतो, त्यांच्या नावाने पत्र पाठविण्याचा अधिकार कोणत्या सर्व्हरला आहे हे आता जाहीर नोंदींत लिहिलेले असते. एसपीएफ, डीकेआयएम व डीमार्क अशी त्या व्यवस्थांची नावे आहेत. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने पत्र पाठविणाऱ्या सर्वांसाठी यांपैकी किमान एक आणि दिवसाला पाच हजारांहून अधिक पत्रे पाठविणाऱ्यांसाठी तिन्ही आवश्यक केल्या.

लॅपटॉपमधील मांडणी

जे भाविक ब्राउझरमध्ये जीमेल वा तत्सम संकेतस्थळ उघडून पत्रे लिहितात, त्यांना येथे काही करावे लागत नाही. जीमेलने जानेवारी २०१० पासून संपूर्ण सत्र सांकेतिक जोडणीतून चालविण्यास प्रारंभ केला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये 'फायरशीप' नावाच्या छोट्या साधनाने जगाला धक्का दिला. खुल्या वाय-फायवर शेजारी बसलेल्या माणसाचे, त्या काळी सांकेतिक नसलेले सत्र एका टिचकीसरशी बळकावता येते, हे त्याने दाखवून दिले. त्यानंतर मोठी संकेतस्थळे एकामागून एक सांकेतिक झाली. आपण फक्त पत्त्याच्या आरंभी 'एचटीटीपीएस' आहे आणि पुढचे नाव अक्षर न् अक्षर बरोबर आहे, एवढे पाहावे.

जे थंडरबर्ड, आउटलुक यांसारखा कार्यक्रम वापरतात, त्यांनी घरून निघण्यापूर्वी जाणाऱ्या पत्रांच्या मांडणीकडे एकदा डोळसपणे पाहावे. सर्व्हरचे नाव आपल्याच सेवादात्याचे असावे. पोर्ट ४६५ वा ५८७ असावा, २५ नसावा. पंचवीस ही जुनी खिडकी आहे, सर्व्हर आपसांत बोलतात ती, आणि अनेक हॉटेले व सेवादाते ती प्रवाशांसाठी बंदच ठेवतात. सुरक्षेच्या रकान्यात ४६५ असल्यास 'एसएसएल/टीएलएस' आणि ५८७ असल्यास 'स्टार्ट-टीएलएस' असावे.

या दोन खिडक्यांतील भेद थोडा समजून घेण्यासारखा आहे. ४६५ वर पहिल्या अक्षरापासून संभाषण सांकेतिक असते. ५८७ वर लॅपटॉप प्रथम उघडपणे सर्व्हरला नमस्कार करतो, "सांकेतिक बोलता येते का?" असे विचारतो, होकार मिळाल्यावर मग पडदा ओढला जातो. मध्ये बसलेल्या लबाडाने तो होकारच गाळला तर काय? कार्यक्रम कडक असेल तर तो जोडणी तोडतो. कार्यक्रम ढिला असेल तर "बरे, मग उघडच बोलू" म्हणून पासवर्डासकट सर्व काही उघड्यावर सांगून मोकळा होतो. थंडरबर्डच्या जुन्या आवृत्त्यांत 'उपलब्ध असल्यास टीएलएस' असा एक पर्याय होता, त्याचा अर्थ हाच. दिसायला सोज्ज्वळ, पण फसवा. तो पुढे काढून टाकण्यात आला हे उत्तम झाले. ४६५ ही खिडकी मध्यंतरी अधिकृत यादीतून वगळली गेली होती. जानेवारी २०१८ मध्ये ती पुन्हा मान्य झाली आणि आता तीच श्रेयस्कर मानली जाते. सेवादाता दोन्ही देत असेल तर आम्हीही ४६५ चीच शिफारस करू. येणाऱ्या पत्रांसाठी त्याच न्यायाने आयमॅपचा ९९३ किंवा पॉपचा ९९५ क्रमांक असावा. पुष्कळ जण पाठविण्याची बाजू नीट करतात आणि आणण्याची विसरतात, परंतु पासवर्ड दोन्हींकडे एकच असतो.

खुले वाय-फाय आणि मोबाइल क्रमांक विचारणारे पान

स्थानकावर वा विमानतळावर वाय-फायला जोडले की प्रथम एक पान उघडते, मोबाइल क्रमांक विचारते आणि संदेशाने आलेला अंक भरल्यावर वाट मोकळी होते. ही रीत आपल्याकडे का रूढ झाली, याचा उगम महाराष्ट्रातच आहे. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. त्याच्या काही मिनिटे आधी वृत्तसंस्थांना धमकीचे ई-पत्र पोहोचले होते. माग काढीत पोलीस नवी मुंबईत सानपाडा येथील एका घरापर्यंत आले, तर तेथे एक परदेशी नागरिक राहत होते आणि त्यांच्या घरचे वाय-फाय पासवर्डाविना उघडे होते. त्याचा आधार घेऊन दुसऱ्याच कोणी ते पत्र पाठविले होते. पुढच्या महिन्यात माटुंग्याच्या खालसा महाविद्यालयाच्या आणि सप्टेंबरमध्ये चेंबूरच्या एका आस्थापनेच्या वाय-फायचा असाच दुरुपयोग झाला. त्यानंतर फेब्रुवारी २००९ मध्ये दूरसंचार विभागाने निर्देश काढले की सार्वजनिक ठिकाणी वाय-फाय देताना ग्राहकाचे छायाचित्रासह ओळखपत्र घ्यावे किंवा मोबाइलवर संदेशाने पासवर्ड पाठवून त्याची नोंद ठेवावी.

म्हणजे तो अंक भरून घेण्याचा हेतू आपण कोण आहोत हे सरकारला कळावे, हा आहे. आपले संभाषण इतरांपासून लपविण्याशी त्याचा काहीही संबंध नाही. "अंक टाकून आत गेलो, म्हणजे सुरक्षित झालो" हा समज आम्हांस अनेकांच्या बोलण्यात आढळतो. तो चुकीचा आहे.

या पानामुळे आणखी एक घोटाळा होतो आणि तो समजून घेणे फार अगत्याचे आहे. पान उघडून अंक भरण्यापूर्वीच आपला पत्रांचा कार्यक्रम चालू असेल, तर तो आपल्या सर्व्हरला हाक मारतो, पण काही जाळ्यांवर उत्तर मात्र वाय-फाय चालविणाऱ्याचे यंत्र देते. लगेच पडद्यावर सूचना येते की सर्व्हरच्या प्रमाणपत्रावरील नाव जुळत नाही, तरी पुढे जायचे का? घाईतला प्रवासी 'होय' म्हणतो, आणि काही कार्यक्रमांत तर हा 'होय' कायमचा नोंदला जातो. प्रमाणपत्र म्हणजे सर्व्हरचे ओळखपत्र. देवळाच्या दारात उभा असलेला अनोळखी गृहस्थ "मीच कोषाध्यक्ष" म्हणून पावतीपुस्तक पुढे करतो आणि त्याच्या ओळखपत्रावर दुसऱ्याचेच नाव आहे, तर आपण पैसे देऊ काय? येथेही तोच विवेक ठेवावा. वाय-फायला जोडल्यावर प्रथम ब्राउझर उघडून ते पान पूर्ण करावे, एखादे साधे संकेतस्थळ उघडते का पाहावे, आणि मगच पत्रांचा कार्यक्रम सुरू करावा. त्यानंतरही प्रमाणपत्राची सूचना आली तर त्या जाळ्यावरून पत्र पाठवूच नये. त्या सूचनेला 'होय' म्हणण्याचा योग्य प्रसंग प्रवासात येतच नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

जाळ्याचे नाव हीही ओळख नव्हे. विमानतळाच्या जाळ्याचे जे नाव असेल तेच नाव कोणीही आपल्या पिशवीतील छोट्या यंत्राला देऊ शकतो आणि आपला लॅपटॉप जुन्या ओळखीने त्याला आपणहून जोडला जाऊ शकतो. ऑस्ट्रेलियात २०२४ मध्ये तेथील संघीय पोलिसांनी एका इसमावर नेमके हेच आरोप ठेवले. पर्थ, मेलबर्न व ॲडलेड येथील विमानतळांवर आणि देशांतर्गत विमानांत त्याने खऱ्या नावाची खोटी जाळी उभारली, व जोडल्या गेलेल्या प्रवाशांपुढे ई-पत्राचे वा समाजमाध्यमाचे नाव आणि पासवर्ड मागणारे पान ठेवले, असे त्यांचे म्हणणे होते. येथे सांकेतिक जोडणी फोडण्याची गरजच नाही, प्रवासी स्वतःच किल्ली हातात देतो. वाय-फाय देणाऱ्याने मोबाइल क्रमांक मागावा हे आपल्याकडे रीतसर आहे. त्याने आपल्या ई-पत्राचा पासवर्ड मागावा, याला कोणतेही कारण नाही. तसे पान दिसताच लॅपटॉप मिटावा. 'आपोआप जोडा' ही खूण सार्वजनिक जाळ्यांपुरती काढून ठेवावी आणि परत आल्यावर त्या जाळ्यांची नावे यादीतून पुसून टाकावीत.

याहून सोपा उपाय बहुतेकांच्या खिशातच असतो. आपल्या मोबाइलचा हॉटस्पॉट सुरू करून त्यावरून लॅपटॉप जोडावा. पत्र आणि दोन-चार जोडपत्रे यांना डेटा फारसा लागत नाही. पासवर्ड मात्र '१२३४५६७८' असा ठेवू नये.

व्हीपीएनविषयी पुष्कळ विचारणा होते. व्हीपीएन आपल्या लॅपटॉपपासून त्या कंपनीच्या सर्व्हरपर्यंत एक बंदिस्त बोगदा खणते. त्यामुळे हॉटेलवाल्याला आपण कोठे जातो हे कळत नाही, पण त्या कंपनीला ते कळू शकते. विश्वास नाहीसा होत नाही, एकाकडून दुसऱ्याकडे सरकतो. मांडणी वर सांगितल्याप्रमाणे असेल तर पत्र पाठविण्यासाठी तिची निकड नाही, आणि फुकट मिळणाऱ्या व्हीपीएनपासून दूर राहिलेलेच बरे. आखातातील भाविकांनी अधिक जपून राहावे. संयुक्त अरब अमिरातीत गुन्हा करण्यासाठी किंवा तो लपविण्यासाठी अशा साधनाचा वापर करणे हा स्वतंत्र व जबर दंडाचा गुन्हा आहे. नोकरीच्या ठिकाणची अधिकृत व्हीपीएन असेल तर तिचे नियम पाहून वागावे.

पासवर्ड, दुसरी पायरी आणि परदेशातील अडचण

वाट आज बरीचशी सुरक्षित झाली आहे. कच्चे राहिले आहे ते दार. म्हणून दोन पायऱ्यांची ओळख प्रत्येक पदाधिकाऱ्याने सुरू करावीच. केवळ पासवर्डावर बाहेरील कार्यक्रमांना प्रवेश देणे गूगलने वैयक्तिक खात्यांसाठी ३० मे २०२२ पासून आणि मायक्रोसॉफ्टने आपल्या वैयक्तिक आउटलुक खात्यांसाठी १६ सप्टेंबर २०२४ पासून बंद केले. "काल चालत होते, आज पासवर्ड चुकीचा म्हणते" अशा तक्रारींचे मूळ पुष्कळदा येथे असते. आता थंडरबर्ड वा आउटलुक आपल्याला सेवादात्याच्याच पानावर नेऊन परवानगी घेतात. ज्या जुन्या कार्यक्रमांना हे जमत नाही, त्यांच्यासाठी गूगल सोळा अक्षरांचा वेगळा पासवर्ड देते. तो एका लॅपटॉपपुरता ठेवता येतो आणि लॅपटॉप हरवल्यास तेवढाच रद्द करता येतो.

दुसऱ्या पायरीचा अंक मोबाइलवर संदेशाने मागविला, तर परदेशात खोळंबा होतो. भारतीय सिमचे रोमिंग सुरू नसते, संदेश येत नाही, आणि मस्कतमधील हॉटेलात बसून आपण आपल्याच खात्याबाहेर उभे राहतो. यावर उपाय म्हणजे अंक देणारे ॲप. ते दर तीस सेकंदांनी नवा अंक तयार करते तो घड्याळातील वेळ आणि आधीच साठविलेली गुप्त किल्ली यांवरून, त्यामुळे त्याला जाळेही लागत नाही आणि सिमही लागत नाही. फोनचे घड्याळ तेवढे बरोबर हवे. शिवाय सेवादाता जे राखीव अंक देतो, ते कागदावर लिहून पारपत्रासोबत ठेवावेत. ते लॅपटॉपच्या पिशवीत ठेवू नयेत, हे सांगणे न लगे.

एकाच खात्याचा पासवर्ड सचिव, कोषाध्यक्ष व कारकून अशा तिघांनी वाटून घेण्याची पद्धत अनेक संस्थांत आढळते. अशाने कोणाच्या लॅपटॉपमधून काय गेले हे पुढे सांगता येत नाही. प्रत्येकाचे खाते वेगळे असावे आणि समितीची मुदत संपताच जुन्यांचे प्रवेश बंद करावेत. यात अविश्वास नाही, कपाटाची किल्ली सुपूर्द करण्यासारखेच ते आहे.

गाडीत लिहिलेले पत्र

कोकण रेल्वेने प्रवास करणाऱ्यांना बोगद्यांची सवय आहे. या मार्गावर नव्वदाहून अधिक बोगदे आहेत आणि रत्नागिरीजवळचा करबुडे बोगदा एकटाच साडेसहा किलोमीटरांचा आहे. पत्र निम्मे गेले आणि गाडी बोगद्यात शिरली, तर अर्धे पत्र पोहोचते काय, असे विचारले जाते. तसे होत नाही. संपूर्ण पत्र घेऊन झाल्यावर सर्व्हर 'मिळाले' अशी पोच देतो, तोवर पत्र घेतले असे तो मानत नाही. मात्र पत्र पूर्ण पोहोचले आणि पोच येण्याआधीच जोडणी तुटली, तर लॅपटॉपला ते गेले नाही असे वाटते आणि तो ते पुन्हा पाठवितो. एकच पावती भाविकाला दोनदा मिळण्याचे हे एक कारण असू शकते. घाईघाईने पुन्हा 'पाठवा' दाबू नये. जोडणी परत आल्यावर 'पाठविलेले' हा कप्पा पाहावा.

गाडीत शेजाऱ्याची दृष्टी ही सर्वांत जुनी हेरगिरी होय. पडदा झाकून घ्यावा, आणि बँकेचे आकडे असलेली पत्रे शक्यतो मुक्कामी पोहोचल्यावरच लिहावीत.

खाते क्रमांक, पॅन आणि जोडपत्रे

सांकेतिक जोडणी पत्राला वाटेत झाकते. सर्व्हरवर पोहोचल्यावर ते तेथे वाचण्याजोगे असते, आणि समोरच्याचे खाते कोणी बळकावले असेल तर त्यालाही दिसते. ८० जी खाली करसवलत देणाऱ्या संस्थांना देणगीदारांचे पॅन वा आधार यांसारखे तपशील घेऊन आयकर विभागाकडे विवरण भरावे लागते. अशी शेदोनशे नावांची यादी प्रवासातून उघड्या जोडपत्राने लेखापरीक्षकांकडे पाठविणे योग्य नव्हे. ती पासवर्ड घातलेल्या फाइलीत द्यावी आणि पासवर्ड त्याच पत्रात न लिहिता दूरध्वनीवर सांगावा. फाइलीचा पासवर्ड म्हणून संस्थेचे नाव व साल लिहिण्याची खोड मोडावी. ज्यांना याहून पक्की व्यवस्था हवी, त्यांच्यासाठी थंडरबर्डमध्ये २०२० सालच्या ७८व्या आवृत्तीपासून ओपनपीजीपीची सोय अंगभूत आहे. मात्र समोरच्यालाही ती वापरता यावी लागते, आणि व्यवहारात येथेच घोडे अडते.

आता आरंभी सांगितलेल्या प्रसंगाकडे येऊ. खाते बळकावणारा बहुधा लगेच काही करीत नाही. तो गुपचूप एक नियम लावून ठेवतो की येणाऱ्या प्रत्येक पत्राची प्रत आपल्याकडे यावी, आणि 'देणगी' किंवा 'बँक' हे शब्द असलेली पत्रे मूळ मालकाला दिसू नयेत. मग लिहिण्याची ढब, सही, उत्सवाच्या तारखा शिकून योग्य वेळी तो कोषाध्यक्षांच्या नावाने लिहितो. प्रवासाहून परतल्यावर प्रत्येकाने आपल्या खात्यातील 'फिल्टर' व 'फॉरवर्डिंग' ही पाने उघडून पाहावीत, अनोळखी नियम दिसल्यास पुसावा, आणि कोणकोणत्या यंत्रांवरून खाते उघडले आहे त्या यादीवर नजर टाकावी. पाच मिनिटांचे काम आहे.

देणगीदारांच्या बाजूनेही एक दक्षता हवी. एनईएफटी व आरटीजीएसमध्ये रक्कम जमा होते ती खाते क्रमांकावरून. आपण लिहिलेले नाव जुळते की नाही हे पूर्वी पाहता येत नसे. रिझर्व्ह बँकेने बँकांना १ एप्रिल २०२५ पर्यंत अशी सोय देण्यास सांगितले की रक्कम पाठविण्यापूर्वी त्या खात्यावर नोंदलेले नाव पडद्यावर दिसावे. ते नाव संस्थेचे नसून एखाद्या व्यक्तीचे किंवा भलत्याच आस्थापनेचे असेल, तर तेथेच थांबावे. खाते बदलल्याचे पत्र आल्यास पत्रातील क्रमांकावर दूरध्वनी करू नये. जुन्या पावतीवर छापलेला, आधीपासून ठाऊक असलेला क्रमांक फिरवून खात्री करून घ्यावी. असा दूरध्वनी आल्यास कोणत्याही पदाधिकाऱ्याने त्यात कमीपणा मानू नये.

लॅपटॉप हरवल्यास

विंडोजचा साधा पासवर्ड लॅपटॉपमधील फाइलींना वाचवीत नाही. आतील डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडली की त्या वाचता येतात. त्यासाठी संपूर्ण डिस्क सांकेतिक करण्याची सोय, म्हणजे विंडोजमधील बिटलॉकर किंवा 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' आणि ॲपलमधील फाइलव्हॉल्ट, घरीच सुरू करून घ्यावी. तिची पुनर्प्राप्ती-किल्ली कागदावर लिहून घरी ठेवावी. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा सर्वसाधारण पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. ज्यांचे लॅपटॉप अद्याप त्यावर आहेत, त्यांनी प्रवासात देवस्थानाच्या कामासाठी ते वापरण्यापूर्वी ते अद्ययावत करून घ्यावेत.

लॅपटॉप गाडीत वा टॅक्सीत राहिला, तर प्रथम पोलीस ठाणे शोधत बसू नये. दुसऱ्या विश्वासाच्या यंत्रावरून खात्यात जाऊन सर्व ठिकाणची सत्रे बंद करावीत, पासवर्ड बदलावा, त्या लॅपटॉपला दिलेला सोळा अक्षरांचा पासवर्ड रद्द करावा, आणि मग कार्यालयास कळवावे, म्हणजे भाविकांना वेळीच सावध करता येईल. सायबर कॅफेतील संगणकावरून मात्र हे करू नये. तेथे दाबलेली प्रत्येक कळ नोंदणारे साधन बसविलेले असू शकते, म्हणून नातलगाचा फोन बरा. पोलिसांत तक्रार त्यानंतर करावी. पैशांचा अपहार झाला असल्यास १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तत्काळ दूरध्वनी करावा, कारण रक्कम पुढच्या खात्यात सरकण्यापूर्वी ती गोठविता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच अधिक असते. बँकेचा व्यवहार क्रमांक, तारीख, वेळ व रक्कम हाताशी ठेवावी, तेथे प्रथम हेच विचारले जाते. फसव्या पत्राची प्रत पुसून टाकू नये. त्याच्या वरच्या बाजूस दडलेल्या ओळींत ते कोणत्या सर्व्हरवरून आले याची नोंद असते आणि तपासास तीच लागते.